रजिस्टर जागेवर, प्रश्न प्रवासाला : अनेक डेटाबेसना एकदम विचारण्याची पन्नास वर्षं

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातली भाषा बहुतेक तशीच ठेवली आहे.)

कॉलेज सोडताना ‘नो ड्यूज’चा फॉर्म घेऊन फिरला असालच. अजून कॉलेजात असाल तर फिरावं लागणार आहे. एक कागद घ्यायचा, आधी लायब्ररी, मग लॅब, मग हॉस्टेलचं ऑफिस, मग फीची खिडकी. प्रत्येक ठिकाणी कारकून आपापलं रजिस्टर उघडतो, तुमचा पीआरएन नंबर शोधतो, काही बाकी नसेल तर शिक्का मारतो. जेवणाची सुट्टी झाली असेल तर तुम्ही बाहेर बाकावर बसून राहता.

आता याच फेरीकडे जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघा. लायब्ररीचं रजिस्टर लायब्ररीतच राहिलं, फीचं फीच्या खिडकीतच राहिलं. फिरला तो प्रश्न. आणि वेगवेगळ्या रजिस्टरांतली ‘तुम्ही’ ही एकच व्यक्ती आहे हे कळलं ते त्या पीआरएन नंबरामुळे.

आजचा विषय हाच आहे. माहिती एका डेटाबेसमध्ये नाही, चार डेटाबेसमध्ये आहे. चारही वेगळ्या लोकांचे, वेगळ्या मशीनवरचे. आणि प्रश्न मात्र एकच आहे, ज्याचं उत्तर चौघांत मिळून दडलंय. हे कसं करायचं, यावर जगातल्या फार हुशार लोकांनी पन्नास वर्षं घालवली आहेत. मी रोज याच कामातून पगार कमावतो, पण आज कोड नाही, इतिहास सांगणार आहे. त्यात एक किस्सा असाही आहे, जिथे दोन सरकारी खात्यांची माहिती चुकीच्या पद्धतीनं जोडली गेली आणि लाखो लोकांच्या घरी खोट्या थकबाकीची पत्रं जाऊन पडली.

पहिली कल्पना : सगळं एकाच ठिकाणी आणा

सुरुवात अमेरिकेत, १९६५ साली. तेव्हा तिथल्या सरकारी खात्यांकडे माहितीचे ढीग होते. कर खात्याकडे वेगळे, जनगणनेकडे वेगळे, सोशल सिक्युरिटीकडे वेगळे. काही पंचकार्डांवर, काही चुंबकीय टेपवर. समाजशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ वैतागलेले, कारण साधा प्रश्न विचारायचा तरी तीन खात्यांचे उंबरे झिजवायला लागायचे. रिचर्ड रगल्स या अर्थतज्ज्ञांच्या समितीनं शिफारस केली, की एक राष्ट्रीय डेटा सेंटर काढा आणि सगळ्या खात्यांचा डेटा तिथे आणून ठेवा.

ऐकायला सरळ वाटतं ना? पण १९६६ साली हा विषय अमेरिकन संसदेच्या उपसमितीसमोर आला आणि वातावरण तापलं. एका माणसाची मिळकत, नोकरी, आजारपण, सगळं एकाच मशीनवर, आणि ते मशीन सरकारच्या ताब्यात! वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. दोन-तीन वर्षांत योजना बारगळली.

हा भाग लक्षात ठेवा. ‘सगळं एका जागी आणू’ ही कल्पना तेव्हा हरली ती तंत्रज्ञान नव्हतं म्हणून नव्हे. डेटा कुणाचा आणि कुणाच्या ताब्यात, या प्रश्नावर ती अडली. हा प्रश्न आपल्याला पुढे परत परत भेटणार आहे.

कॉड यांचा शोध : ‘काय हवं’ सांगा, ‘कसं’ नको

जून १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांचा एक शोधनिबंध छापून आला. कॉड मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात पायलट होते. कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी शिकलेल्या प्रत्येकानं परीक्षेत ‘रिलेशनल मॉडेल’वर टीप लिहिलेली असते, ते मॉडेल या निबंधातलं. पण त्याच्या शीर्षकात आणखी एक शब्द आहे, तो आपण वाचून सोडून देतो : ‘मोठ्या, सामायिक डेटा बँकांसाठी’. सामायिक! म्हणजे अनेकांनी मिळून वापरायची माहिती, हा विचार पहिल्या दिवसापासून होता.

त्याआधीच्या डेटाबेसमध्ये प्रोग्रॅमरला वाटाड्याचं काम करावं लागे. या नोंदीवरून त्या नोंदीकडे जा, तिथून डावीकडच्या साखळीत शिरा, असं पाऊल न् पाऊल लिहायचं. साखळी बदलली की प्रोग्रॅम मोडला. कॉड म्हणाले, माहिती साध्या टेबलांत ठेवा : ओळी आणि रकाने. आणि प्रश्न विचारताना फक्त ‘काय हवं’ ते सांगा. ते कुठून, कसं आणायचं, हे मशीन ठरवेल. यातूनच १९७४ मध्ये आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एसक्यूएलचं पहिलं रूप मांडलं. दोन टेबलांतल्या ओळी समान नंबरावरून एकमेकींशी लावायच्या, याला त्यात ‘जॉइन’ म्हणतात. तुमचा पीआरएन फीच्या टेबलातही आहे आणि लायब्ररीच्याही, म्हणून दोन्ही ओळी शेजारी-शेजारी ठेवता येतात. इतकंच.

आता आपल्या विषयाशी याचं नातं बघा. प्रश्नात रस्ता लिहिलेलाच नसेल, तर रस्ता निवडायला मशीन मोकळं. मग ते टेबल याच मशीनवर आहे की हजार किलोमीटर लांब, हे प्रश्न विचारणाऱ्याला माहीत असण्याची गरजच काय? कॉड यांच्या कल्पनेनं हे दार उघडून ठेवलं, आणि थोड्याच वर्षांत लोक त्या दारातून आत शिरले.

तार बारीक, टेबल मोठं

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये ‘कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ या कंपनीत एसडीडी-वन नावाचा प्रकल्प सुरू झाला. पैसा संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा. डेटा अनेक मशीनवर विखुरलेला, मशीन अर्पानेटनं जोडलेली. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचं पूर्वज. त्याच्या तारेचा वेग सेकंदाला साधारण ५० किलोबिट. गणित करून सांगतो : आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर ३ एमबीचा फोटो टाकतो, तो त्या तारेवरून जायला आठ मिनिटं लागली असती. एक फोटो!

म्हणजे अख्खं टेबल तारेवरून पाठवणं परवडण्यासारखं नव्हतंच. मग फिलिप बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती पक्की केली. तिचं नाव ‘सेमीजॉइन’, म्हणजे अर्धा जॉइन. नो ड्यूजच्या भाषेत सांगतो. समजा फी थकलेले विद्यार्थी ३०० आहेत आणि लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये ४० हजार नोंदी आहेत. फी थकलेल्यांपैकी कुणाकडे पुस्तकं आहेत, हे शोधायचंय. अडाणी पद्धत अशी, की लायब्ररीचं पूर्ण रजिस्टर टेम्पोत घालून फीच्या खिडकीवर आणा. शहाणी पद्धत अशी, की फक्त ३०० पीआरएन नंबर एका चिठ्ठीवर लिहून लायब्ररीत पाठवा. लायब्ररीवाला तेवढेच नंबर ताडून ज्या काही साठ-सत्तर नोंदी सापडतील त्या परत पाठवेल. दोन फेऱ्या झाल्या, पण टेम्पो वाचला.

हे इतकं साधं आहे की यात शोध तो काय, असं वाटेल. पण आजही कुठलाही मोठा डेटा प्लॅटफॉर्म उघडा, आतमध्ये हीच चिठ्ठी फिरत असते.

याच सुमाराला आयबीएमनं सॅन होजेत ‘आर-स्टार’ नावाचा प्रकल्प चालवला. त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, फक्त तारेचा खर्च मोजून चालत नाही. प्रत्येक मशीनला आपापल्या जागी करावं लागणारं कामही तितकंच महागात पडू शकतं. आणि दोन, नुसतं वाचायचं नसेल, दोन ठिकाणी एकदम बदल करायचा असेल, तर सगळ्यांची संमती कशी घ्यायची?

त्याचं उत्तर होतं ‘टू-फेज कमिट’. जिम ग्रे या संशोधकांनी १९७८ मध्ये ते नीट लिहून काढलं होतं. तुमच्या एका बँकेतल्या खात्यातून पैसे वजा व्हायचेत, दुसऱ्या बँकेत जमा व्हायचेत. एक मध्यस्थ दोघांना विचारतो, ‘तयार?’ दोघंही ‘तयार’ म्हणाले, तरच तो ‘करा’ म्हणतो. एकजण जरी नाही म्हणाला तरी सगळं रद्द. आर-स्टारमध्ये या पद्धतीला वेग आणण्याच्या कामात आयआयटी मद्रासमधून शिकलेले सी. मोहन होते.

पण यात एक काटा आहे. ‘तयार’ म्हटल्यानंतर मध्यस्थच बंद पडला तर? तुम्ही अडकलात. ती नोंद कुलूपबंद करून वाट बघत बसायचं. म्हणजे माझ्या डेटाबेसमधली ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमुळे अडून राहणार. एकाच कंपनीची दोन मशीन असतील तर चालवून घेऊ. पण दोन वेगळ्या संस्था असतील तर कोण ऐकून घेईल?

शेजारी आहोत, घर वेगळं आहे

इथे गोष्ट वळण घेते. तोपर्यंत सगळे असं धरून चालले होते, की डेटा विखुरलेला असला तरी मालक एकच आहे. प्रत्यक्षात १९८० च्या दशकात असं कुठेच नव्हतं. एका खात्याकडे आयबीएमचा डेटाबेस, दुसऱ्याकडे ओरॅकल, तिसऱ्याकडे घरीच बांधलेलं काहीतरी. आणि कुणालाही आपलं घर मोडून दुसऱ्याच्या घरात राहायला जायचं नव्हतं.

१९८५ मध्ये डेनिस हाइमबिग्नर आणि डेनिस मॅक्लिऑड यांनी ‘फेडरेटेड’ रचना मांडली. फेडरेशन म्हणजे संघराज्य. प्रत्येक डेटाबेस आपल्या जागी स्वतंत्र, पण काय वाटून घ्यायचं यावर करार. मग १९९० मध्ये आला या विषयातला सगळ्यात जास्त वाचला गेलेल्यांपैकी एक लेख. लेखक अमित शेठ आणि जेम्स लार्सन. शेठ बिट्स पिलानीचे विद्यार्थी.

या दोघांनी गोंधळ तीन टोपल्यांत वाटला. डेटा लांब-लांब आहे, ही पहिली अडचण. डेटा वेगवेगळ्या पद्धतीनं मांडलेला आहे, ही दुसरी. आणि प्रत्येक डेटाबेसला स्वतःची स्वायत्तता आहे, ही तिसरी. तिसरीचे त्यांनी पुन्हा चार भाग पाडले : आमचा डेटा कसा मांडायचा ते आम्ही ठरवू. तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं की नाही, कधी द्यायचं, ते आम्ही ठरवू. आमच्याकडे आधी कुणाचं काम करायचं, तुमचं की आमच्या घरच्यांचं, ते आम्ही ठरवू. आणि या संघात किती सामील व्हायचं, कधी बाहेर पडायचं, तेही आम्ही ठरवू.

माझ्या मते हा लेख अजून शिळा होत नाही तो या तिसऱ्या टोपलीमुळे. पहिली अडचण तारा जाड झाल्या तशी कमी होत गेली. तिसरी अजून जशीच्या तशी उभी आहे. ऑफिसमध्ये दुसऱ्या टीमला ‘तुमचं टेबल वाचायला द्या’ म्हणून विचारून बघा. लगेच कळेल.

दुभाषे आले

१९९० च्या दशकात बहुतेक कंपन्यांनी वेगळाच मार्ग धरला. विचारत बसण्यापेक्षा रोज रात्री सगळ्यांच्या डेटाच्या प्रती काढा आणि एका मोठ्या गोदामात आणून टाका. हे डेटा वेअरहाउस. १९८८ मध्ये आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी याची रचना छापली, १९९२ मध्ये बिल इनमॉन यांच्या पुस्तकानं ती घराघरात, म्हणजे ऑफिसा-ऑफिसात नेली. सोय मोठी होती : तिकीट खिडकीवर रांग लागलेली असताना त्याच मशीनला वर्षभराचा हिशोब विचारायला नको. किंमतही होती. उत्तर कालचं मिळतं, आणि चोरीला जाऊ शकेल अशी डेटाची आणखी एक प्रत तयार होते.

पण ‘प्रश्नच पाठवा’वाले गप्प बसले नव्हते. आयबीएमच्या आल्मडेन प्रयोगशाळेत लॉरा हास यांच्या गटानं ‘गार्लिक’ नावाची प्रणाली बांधली. हो, गार्लिक म्हणजे लसूण! तिच्यात प्रत्येक डेटाबेसपाशी एक छोटा दुभाषा बसवलेला असे, त्याला ‘रॅपर’ म्हणत. मधली प्रणाली त्याला विचारायची, ‘या प्रश्नातला किती भाग तुझा मालक स्वतः सोडवू शकेल? खर्च किती येईल?’ कुणी म्हणायचं, मी गाळून देईन. कुणी म्हणायचं, मी जॉइनसुद्धा करून देईन. कुणी म्हणायचं, मला फक्त सगळी यादी देता येते. मग प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे काम वाटलं जाई.

ही कल्पना पुढे एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय मानकात गेली. २००१ मध्ये त्याचा एक स्वतंत्र भाग निघाला, एसक्यूएल-मेड. मेड म्हणजे बाहेरच्या डेटाचं व्यवस्थापन. परक्या डेटाबेसमधलं टेबल आपल्याच घरचं असल्यासारखं वापरायचं.

पोस्टग्रेस या मोफत आणि खुल्या डेटाबेसचा इतिहास बघितला तर ही गोष्ट टप्प्याटप्प्यानं दिसते. २०११ च्या ९.१ आवृत्तीत परकी टेबलं वाचता यायला लागली. २०१३ च्या ९.३ मध्ये एका पोस्टग्रेसमधून दुसऱ्या पोस्टग्रेसमध्ये लिहिताही यायला लागलं. २०१६ च्या ९.६ मध्ये जॉइनचं काम पलीकडच्या मशीनवर ढकलता आलं. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत बेरीज-सरासरीसुद्धा तिकडेच करून फक्त उत्तर आणता यायला लागलं. लक्षात आलं का काय चाललंय? रजिस्टर आणू नका, चिठ्ठी पाठवा. एसडीडी-वनचा चाळीस वर्षांपूर्वीचा धडा, आवृत्तीगणिक थोडा थोडा.

तिकडे फेसबुकमध्ये २०१२ मध्ये चार इंजिनिअरनी प्रेस्टो लिहायला घेतलं. २०१३ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. प्रेस्टोकडे स्वतःचा असा डेटाच नाही. ते फक्त प्रश्न घेतं, वेगवेगळ्या ठिकाणांहून तुकडे मागवतं आणि जोडून देतं. पुढे मूळ मंडळी कंपनीतून बाहेर पडली आणि त्यांच्या शाखेचं नाव २०२० च्या डिसेंबरात ट्रिनो झालं. आज डेटा इंजिनिअरच्या नोकरीच्या जाहिरातीत हे नाव दिसतं, ते इथून आलेलं.

म्हणजे प्रश्न सुटला का? तंत्राचा बराचसा सुटला. आज मी दहा मिनिटांत दोन डेटाबेस जोडून देऊ शकतो. आणि खरी भीती इथूनच सुरू होते.

जोडलं बरोबर, अर्थ चुकला

शेठ आणि लार्सन यांच्या दुसऱ्या टोपलीत एक वाईट किडा होता : रकान्याचं नाव तेच, पण अर्थ वेगळा.

याचं साधं रूप आपण महाराष्ट्रात रोज बघतो. ज्ञानेश्वर नावाच्या कुणालाही विचारा. दहावीच्या मार्कशीटवर इंग्रजी स्पेलिंग ‘डी-एन-वाय’नं सुरू होतं, आधारवर ‘जी-वाय’नं. मार्कशीटवर आडनाव आधी, पॅन कार्डावर शेवटी. मधलं वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. माणसाला कळतं हा एकच आहे. जॉइनला कळत नाही. मग अ‍ॅफिडेव्हिट करा, गॅझेट करा, रांगेत उभे राहा.

पण रांगेपेक्षा वाईट काय होऊ शकतं ते बघू. १९७७ मध्ये अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ झालं. सरकारी मदत घेणाऱ्यांची यादी आणि केंद्र सरकारच्या नोकरांची यादी एकमेकांशी जोडली. जो दोन्हीकडे सापडला तो संशयित. हजारो नावं जुळली. पण कमी पगाराच्या नोकरदारालाही काही मदत कायद्यानं मिळू शकत होती, काही नोंदी जुन्या होत्या, आणि शेवटी गुन्हा सिद्ध झालेले फारच थोडे निघाले. या अनुभवांमधून १९८८ मध्ये तिथे कायदा झाला : नुसत्या जुळणीवरून कुणाची मदत बंद करायची नाही. आधी माहितीची स्वतंत्र पडताळणी करा, त्या माणसाला कळवा, त्याला बाजू मांडू द्या.

ऑस्ट्रेलियात २०१६ साली नेमकं उलट झालं. सुरुवातीला म्हणालो होतो तो किस्सा हा. तिथे बेरोजगारांना आणि विद्यार्थ्यांना सरकारी भत्ता मिळतो, आणि तो दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. या पंधरवड्यात कमावलं नाही तर भत्ता जास्त, कमावलं तर कमी. दुसरीकडे कर खात्याकडे प्रत्येकाची कमाई असते, पण वर्षाची. दोन्हीकडे रकाना ‘मिळकत’. सरकारनं दोन्ही जोडले आणि वर्षाच्या कमाईला सरळ २६ नं भागलं. वर्षात पंधरवडे २६, म्हणून.

आता एक विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. सहा महिने नोकरी केली, २६ हजार डॉलर कमावले. उरलेले सहा महिने काम नव्हतं, तेव्हा नियमाप्रमाणे भत्ता घेतला. सगळं खरं, सगळं कायदेशीर. पण भागाकारानं सांगितलं, की हा वर्षभर दर पंधरवड्याला १ हजार डॉलर कमावत होता. म्हणजे भत्ता घेतला तेव्हाही कमावत होता. म्हणजे खोटं बोलला. म्हणजे पैसे परत कर! पूर्वी अशी तफावत दिसली की अधिकारी मालकाकडे चौकशी करायचा. आता पत्र आपोआप निघायचं, आणि काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून आपण निर्दोष आहोत हे दाखवायची जबाबदारी त्या माणसावर.

लोकांनी या योजनेला नाव दिलं ‘रोबोडेट’. २०१९ च्या नोव्हेंबरात न्यायालयात सरकारला मान्य करावं लागलं की नुसत्या सरासरीवर उभी केलेली वसुली बेकायदेशीर आहे. पैसे परत करावे लागले. सुमारे साडेचार लाख माणसं यात भरडली गेली, रक्कम १७० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे. चौकशी आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला. त्या आयोगासमोर आपला तरुण मुलगा आत्महत्येत गमावलेल्या आया येऊन बोलल्या.

यात सॉफ्टवेअर कुठेच कोसळलं नाही. जॉइन चालला, भागाकार बरोबर आला, पत्रं वेळेवर निघाली. चुकलं ते एवढंच, की एका रकान्यातली ‘मिळकत’ वर्षाची होती आणि दुसऱ्यातली पंधरवड्याची, आणि हे बोलून दाखवणाऱ्यांचं कुणी ऐकलं नाही.

ठरलेले प्रश्न, आणि कुणी विचारलं त्याची नोंद

मग काय, जोडायचंच नाही? तसंही नाही. एस्टोनियाकडे बघा. लोकसंख्या जेमतेम १३ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहरापेक्षाही कमी. २००१ मध्ये त्यांनी एक्स-रोड सुरू केलं. त्यात मध्यवर्ती डेटाबेस नाहीच. लोकसंख्येची नोंदवही तिच्या खात्याकडे, गाड्यांची तिच्या खात्याकडे. प्रत्येक खात्याच्या दारात एक सुरक्षा सर्व्हर. प्रश्न एका दारातून निघतो, दुसऱ्या दारात जातो. प्रत्येक प्रश्नावर डिजिटल सही, वेळेचा शिक्का, आणि नोंद.

महत्त्वाचं म्हणजे, परक्या खात्याला वाटेल ती एसक्यूएल क्वेरी चालवता येत नाही. आधी ठरलेले, मान्य झालेले प्रश्नच विचारता येतात. एका खात्याकडे असलेली माहिती पुन्हा गोळा करायला दुसऱ्या खात्यानं नवा डेटाबेस काढणं तिथल्या कायद्याला मंजूर नाही. आणि नागरिक लॉगिन करून, आपली नोंद कुणी कधी बघितली, हे अनेक नोंदवह्यांबाबत स्वतः तपासू शकतो. फिनलंडनंही पुढे हीच पद्धत घेतली.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण म्हणजे अकाउंट अ‍ॅग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये नियम काढले, २०२१ च्या सप्टेंबरात ते बँकांसह प्रत्यक्ष सुरू झालं. कर्ज देणाऱ्याला तुमच्या दुसऱ्या बँकेतलं स्टेटमेंट हवंय. मधला अ‍ॅग्रिगेटर तुमची संमती घेतो, आणि माहिती कुलूपबंद अवस्थेत इकडून तिकडे नेतो. त्याला स्वतःला ती वाचता येत नाही, साठवता येत नाही. संमतीत लिहिलेलं असतं की कशासाठी आणि किती काळ, आणि ती मागेही घेता येते. पुढच्या वेळी कर्जाच्या अ‍ॅपवर तो पडदा आला, तर सवयीनं ‘मंजूर’ दाबण्याआधी या दोन ओळी वाचा : कशासाठी, किती काळ.

तुमच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत किंवा येणार आहेत, त्यांच्यासाठी शेवटी थोडं. उद्या तुम्हाला कुणीतरी सांगेल, ‘अरे, ही दोन टेबलं जोडून दे ना, दहा मिनिटांचं काम आहे.’ आणि ते खरोखर दहा मिनिटांचं असेल. त्याआधी तीन गोष्टी विचारा. दोन्हीकडच्या रकान्याचा अर्थ एकच आहे का, हे त्या रकान्यात रोज नोंद करणाऱ्या माणसाला विचारलंय का? ज्याचा डेटा आहे त्यानं हो म्हटलंय का? आणि उत्तर चुकीचं निघालं तर ज्याच्या नावावर ते निघेल, त्याला ते खोडून काढायला कुठे जाता येईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर काम थांबवा आणि मोठ्यानं बोला. ऑस्ट्रेलियात बोलणारे होते, ऐकणारे कमी पडले. आपण निदान बोलणाऱ्यांत तरी असावं.

आजच्यापुरतं एवढंच. नाव जुळलं नाही म्हणून तुमचं एखादं काम अडलं असेल, तर तो किस्सा जरूर लिहून पाठवा, पण आधार-पॅनचे नंबर टाकू नका बरं का! भेटूया पुढच्या भागात. तोवर, नो ड्यूज पूर्ण करून टाका.